तिसरं कोटेशन

माझा छापखाना महालात होता, गांधी गेटपासून पायी पाच मिनिटांवर. १९७९ साली एक जुनं ट्रेडल आणि खिळ्यांच्या चार केसा घेऊन तो सुरू केला आणि २०१४ साली ऑफसेट विकून शटर ओढलं. पस्तीस वर्षं लग्नपत्रिका छापल्या, पावतीपुस्तकं छापली, शाळांच्या नोंदवह्या छापल्या, निवडणूक आली की एकाच दिवशी दोन्ही उमेदवारांची पत्रकं छापली. आणि लेटरहेडं छापली.

लेटरहेड हजाराच्या खाली कोणी छापून घेत नसे. ब्लॉक करायचा, मशीनवर चढवायचा, शाई जुळवायची, हा खर्च पंचवीस कागदांना तेवढाच आणि हजारांनाही तेवढाच. त्यामुळे एखादं गिऱ्हाईक येऊन "पंचवीसच पाहिजेत, भाऊ" म्हणालं की मला कळायचं. हा कागद पत्रव्यवहारासाठी नाही. हा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या कोटेशनसाठी आहे.

ज्यांचा सरकारी कार्यालयांशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लहानसहान खरेदीसाठी निविदेचा पसारा मांडत नाहीत. तीन दुकानदारांकडून दर मागवायचे, ज्याचा दर कमी त्याला काम द्यायचं. नियम सरळ आहे आणि चांगलाही आहे. त्यात गृहीत एवढंच धरलेलं असतं की तीन दुकानदार म्हणजे तीन माणसं. प्रत्यक्षात बरेचदा साहेब म्हणतात, "तिन्ही तुम्हीच आणा." मग एक कोटेशन स्वतःचं आणि दोन पंचवीस कागदांच्या फर्मांची. त्यांचे दर आपल्यापेक्षा रुपया-दोन रुपये चढे. तिन्ही कागद फाइलला टाचले की स्पर्धा झाली.

हे मी दुसऱ्यांसाठी बरेचदा छापलं. स्वतःसाठी एकदा.

१९९४ चा जून होता. नागपूरपासून दोन-अडीच तासांवरच्या एका सरकारी कार्यालयाला आश्रमशाळांसाठी सहाशे नोंदवह्या हव्या होत्या. आमच्याकडे विदर्भात तेव्हा शाळा २६ जूनच्या सुमारास उघडायच्या. तिथल्या बाबूला वह्यांची आठवण झाली १४ तारखेला. साहेब माझ्या मावसभावाच्या ओळखीचे निघाले. माणूस भला होता, हे मी आजही म्हणेन. एक रुपया मागितला नाही, चहाही स्वतःच्या खिशातून पाजला. म्हणाले, "वह्या नाहीत तर हजेरी नाही, आणि हजेरी नाही तर पोरांचा शिधा निघत नाही. नियमाने गेलो तर जुलै उजाडेल. उद्या तीन कोटेशनं घेऊन या, मी मोकळा."

रात्री दोन लेटरहेडं छापली. एका फर्मला देवाचं नाव दिलं, दुसरीला मुलीचं. अक्षर वेगळं दिसावं म्हणून एक कोटेशन बायकोकडून लिहून घेतलं. माल मात्र चोख दिला. कागद जाड, बांधणी शिवलेली, पिना मारलेली नाही. २४ तारखेला वह्या पोचल्या, शाळा उघडली त्या दिवशी हजेरी लागली. पुढे कित्येक महिने हा किस्सा मी फुशारकीने सांगायचो.

त्या कार्यालयाचं काम आधी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी छापखाना असलेले एक काका करायचे. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. कागद कमी पडला की आम्ही एकमेकांकडून रीम उसनं आणायचो. दिवाळीच्या सुमारास ते सहज म्हणाले, "यंदा त्या ऑफिसचं पत्रच नाही आलं बाप्पा. फर्मा तर माझ्याकडे बांधलेलाच होता, चार दिवसांत देऊन टाकलं असतं." दर काय लावणार होतात, मी विचारलं. त्यांचा दर माझ्यापेक्षा नगामागे एक रुपया दहा पैशांनी कमी होता. सहाशे नगांचे सहाशे साठ रुपये. सरकारचं नुकसान एवढंच. काकांचं नुकसान काकांना कळलंच नाही, कारण शर्यत झाली हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आणि साहेबांनी दिलेलं घाईचं कारणही खरं नव्हतं. ते खोटं बोलत होते असं नाही. त्यांनी चौकशीच केली नव्हती. ओळखीचा माणूस समोर बसलेला असला की चौकशीची गरज वाटत नाही.

सरकार एखाद्या उद्योगाला झुकतं माप देतं तेव्हा आपण लगेच लाचेबद्दल बोलतो. लाच असतेच, पण ती सोपी बाजू आहे, तिच्यावर वाद घालायला काही उरत नाही. अवघड बाजू ही, की बरीच मर्जी चांगल्या हेतूने दाखवली जाते, निदान चांगल्या हेतूच्या नावाने. पोरांचा शिधा, शेतकऱ्याचा माल, मागास भागाचा विकास. साध्य एवढं मोठं असताना साधनाची किती चिकित्सा करायची, असं विचारणाऱ्याला आपण गप्प करू शकत नाही. १९९४ साली मला स्वतःलाही करता आलं नव्हतं.

माझ्याकडे व्हिजिटिंग कार्डं छापायला येणाऱ्या एका वकिलांनी मला एक खटला सांगितला होता, तो डोक्यातून गेला नाही. मुंबईच्या विमानतळावर एक दुसऱ्या दर्जाचं रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार तीन वर्षांसाठी चालवायला द्यायचे होते. १९७७ च्या सुरुवातीला जाहिरात निघाली. अट अशी की अर्जदार किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत दुसऱ्या दर्जाचा हॉटेलवाला असावा. सर्वांत मोठी बोली आली महिन्याला ६,६६६ रुपये ६६ पैशांची. बोली लावणारा मात्र त्या अटीत बसत नव्हता. त्याने कँटीनं चालवली होती, हॉटेल नाही. विमानतळ प्राधिकरणाने काम त्यालाच दिलं. अट आमची, ती सैल करायचा अधिकारही आमचा, असा त्यांचा पवित्रा. शिवाय तिजोरीत पैसे जास्त येत होते. यात वाईट काय?

रमणा दयाराम शेट्टी नावाचे गृहस्थ हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ४ मे १९७९ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला, आणि सरकारी कंत्राटांचा कायदा आजही त्या निकालावर बराचसा उभा आहे. सरकार म्हणजे खासगी घरमालक नव्हे, की वाटेल त्या भाडेकरूला खोली द्यावी. परवाने, कंत्राटं, जमिनी, सवलती हे सगळं लोकांचं आहे. ते वाटताना सरकारने स्वतः घातलेली अट सरकारलाही बांधते. नाहीतर घटनेच्या चौदाव्या कलमातल्या समानतेला अर्थ उरत नाही. त्यामागची समजूत अगदी साधी होती. जाहिरात वाचून, "आपण यात बसत नाही" म्हणून जे घरी बसले, त्यांना अट सैल होणार हे माहीत असतं तर त्यांनीही बोली लावली असती. कदाचित ६,६६६ पेक्षा जास्तीची.

घरी बसलेला तो माणूस म्हणजे आमचे काका.

त्या निकालाचं शेपूट मात्र फारसं कोणी सांगत नाही. शेट्टींचं म्हणणं न्यायालयाला तत्त्वतः पटलं, तरी कंत्राट रद्द झालं नाही. ते पाच महिन्यांहून अधिक उशिरा न्यायालयात आले होते, ते दुसऱ्याच कोणाच्या सांगण्यावरून आल्याचं दिसत होतं, आणि तोवर कंत्राटदाराने सुमारे सव्वा लाख रुपये खर्चून मांडामांड केली होती. साधन चुकलं असं ठरलं आणि स्नॅक बार चालू राहिले. ज्याला मर्जीवर धंदा करायचा आहे त्याने या शेपटापासून योग्य तो धडा घेतलेला आहे: आधी भिंती उभ्या करा, प्रश्न नंतर येऊ द्या.

आता नागपूरकडे येतो. मिहान इथे सगळ्यांना माहीत आहे. बाहेरच्या वाचकांसाठी एवढंच की विमानतळाला लागून मालवाहतूक केंद्र आणि उद्योगांसाठी विशेष आर्थिक क्षेत्र उभारायचा हा प्रकल्प, आणि त्यासाठी २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही अशा गावांच्या जमिनी त्यात गेल्या. शिवणगावची माणसं मोबदला आणि पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करत राहिली. त्यांची पत्रकं मी छापली आहेत. पैसे कधी पूर्ण मिळाले नाहीत, मीही फार तगादा लावला नाही.

याच मिहानमध्ये २०१६ साली विशेष आर्थिक क्षेत्राबाहेरची सुमारे २३० एकर जमीन पतंजलीला फूड आणि हर्बल पार्कसाठी मिळाली, एकरी सुमारे २५ लाख रुपये दराने. निविदा काढली होती. बोली एकच आली. सप्टेंबर २०१६ मध्ये भूमिपूजन झालं. दर फार कमी आहे, अशी टीका काँग्रेसने केली. सरकारचं म्हणणं असं की जागा अविकसित आहे, निविदा उघड होती, आणि विदर्भातल्या शेतकऱ्याचा माल इथे खपेल. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१७ साली हिशेब मांडला की भाजपची सत्ता असलेल्या राज्यांत पतंजलीला जमिनींच्या व्यवहारांत अंदाजे ४ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक सवलत मिळाली.

इथे मला माझं मन मोकळं करायला हवं. मला तो कारखाना हवा होता. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यात माझे नातेवाईक आहेत. आंबिया बहार जोरात आला की भाव पडतो आणि बारीक फळ तर कोणी उचलतच नाही, बांधावर ढीग लागतात. आमचा संत्रा सैल सालीचा, गोड, २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेला; पण टिकायला नाजूक. बांगलादेश हे त्याचं मोठं गिऱ्हाईक, आणि त्या देशाने आयातशुल्क वाढवलं की इकडच्या मंडीत त्याच आठवड्यात कळतं. बारीक फळाचा रस काढणारा मोठा कारखाना पाहिजे, ही मागणी मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकत आलोय. म्हणून २०१६ साली माझ्या काटोलच्या साळ्याने मला झापलं: "तुमाले दर दिसते भाऊजी, आमचा माल सडते तो नाई दिसत." त्याला उत्तर देता आलं नाही. एकच बोली आली तर त्यात सरकारचा दोष काय, हेही तो म्हणाला.

या दुसऱ्या प्रश्नाला मात्र छापखानेवाल्याकडे उत्तर आहे. किती बोली येणार हे बरेचदा जाहिरातीतच ठरतं. सगळी जमीन एकाच तुकड्यात द्यायची की दहा-दहा एकरांचे तुकडे करायचे? मुदत पंधरा दिवसांची की दोन महिन्यांची? उलाढालीची अट किती? अट कापडासारखी असते, कोणाच्याही मापाने बेतता येते, आणि बेतल्यावर ती एकालाच बसली तर "बाकीचे आलेच नाहीत" असं म्हणायची सोय राहते. मिहानमध्ये तसं घडलं असं मी म्हणत नाही. माझ्याकडे पुरावा नाही. पण २३० एकरांचा एक तुकडा असेल तर रामनगरातला सरबतवाला आणि हिंगण्यातला जॅमवाला घरीच बसणार, हे सांगायला पुराव्याची गरज नाही.

आणि कारखाना? तो सुरू झाला. त्याचं उद्घाटन झालं ९ मार्च २०२५ ला, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि नितीन गडकरी यांच्या उपस्थितीत. दिवसाला ८०० टन संत्र्यांवर प्रक्रिया करण्याची क्षमता सांगितली गेली. भूमिपूजनापासून साडेआठ वर्षं. साळ्याच्या बागेतली काही झाडं तोवर म्हातारी होऊन तोडावी लागली. कारखाना चालला तर मला आनंदच आहे. सवलतीचा दर मात्र २०१६ सालीच लागू झाला होता.

कामातून ध्यानात आलेली एक गोष्ट सांगतो. हाताने खिळे जुळवायचे त्या काळात भूमिपूजनाच्या निमंत्रणपत्रिका आल्या की माझा कंपोझिटर कुरकुरायचा. 'ल' चे खिळे कमी पडायचे. रोजगार मिळेल, पाणी येईल, भाव वाढेल, मागासलेपण दूर होईल. साध्याची क्रियापदं कायम भविष्यकाळी. जमीन मात्र आज जाते, सवलत आज लागू होते, अट आज सैल होते. साध्य चांगलं की वाईट हे त्या दिवशी तपासताच येत नाही, कारण ते अजून घडलेलंच नसतं. त्या दिवशी टेबलावर तपासण्यासारखं काही असेल तर ते साधन: किती जणांना बोलावलं, दर कसा काढला, फाइलवर कोणी काय लिहिलं. साधनशुचिता ही साधुसंतांची चैन आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, कोर्टात साक्षीला उभा राहू शकणारा तो एकटाच साक्षीदार आहे.

सिंचनाचं उदाहरण घ्या. विदर्भाचा अनुशेष हा शब्द आमच्या दोन पिढ्यांनी दुधाबरोबर प्यायला आहे. १९५३ च्या नागपूर करारापासून आश्वासनं, १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल, १९९४ ची वैधानिक विकास मंडळं. सिंचनात आम्ही मागे होतो हे कोणी नाकारत नव्हतं. तो अनुशेष भरायला १९९७ साली विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ आलं, मुख्यालय नागपुरात. साध्य याहून पवित्र काय असणार? शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे आकडे रोजच्या पेपरात येत होते.

२००९ साली काही महिन्यांच्या आत या महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली. वाढ वीस हजार कोटींची. किमती वाढायची खरी कारणंही असतात हे मी मान्य करतो: दरसूची बदलते, भूसंपादन महागतं, पुनर्वसन राहून गेलेलं असतं. पण एवढ्या फाइली एवढ्या थोड्या दिवसांत हलतात तेव्हा त्या वाचून हलल्या असतील यावर माझा विश्वास बसत नाही. मी आठ पानी स्मरणिकेचं प्रूफ वाचायला दोन दिवस घ्यायचो. आक्षेपांत आणखी एक मोठा मुद्दा होता, कंत्राटदारांना काम सुरू होण्याआधी दिलेल्या आगाऊ रकमांचा. नागपूरच्या जनमंच या संस्थेने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. जलसंपदा खात्यातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ साली पत्रं लिहून आतली गोष्ट बाहेर आणली. २५ सप्टेंबर २०१२ ला याच आरोपांवरून अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला, डिसेंबरात ते परतले. माधव चितळे यांची समिती बसली. नोव्हेंबर २०१८ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन मंत्र्यांकडे बोट दाखवलं आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याच विभागाने दुसरं प्रतिज्ञापत्र देऊन ते बोट मागे घेतलं. मध्ये काय बदललं, ते वाचकांना सांगायला नको.

या सगळ्या गदारोळात पाण्याचं काय झालं हा प्रश्न मागेच पडला. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवरचं गोसीखुर्द घ्या. राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ ला पायाभरणी केली तेव्हा अंदाज होता ३७२ कोटींचा आणि अडीच लाख हेक्टर भिजणार होतं. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पटींनी वाढला. पायाभरणीला जन्मलेली मुलं आज चाळिशीकडे झुकली आहेत, आणि कालव्यांची कामं अजून चालूच आहेत. मर्जीचं समर्थन करणारे म्हणतात, "वाकडी वाट असेना, पोचलो तर खरं." गोसीखुर्दच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला विचारून पाहा कुठपर्यंत पोचलो ते.

सवलत आणि मर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत होऊ नये. महाराष्ट्रात उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. पुण्यापेक्षा गडचिरोलीत कारखाना काढणाऱ्याला जास्त सवलत, हे मला योग्यच वाटतं. ती भागाला मिळते, नावाला नाही. उद्या मी गेलो तर मलाही मिळेल. आणि राज्या-राज्यांत अशी ओढाताण लागली आहे की सवलत न देऊन चालतही नाही. टाटा-एअरबसचा विमानांचा कारखाना मिहानमध्ये येईल अशी हवा होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये कळलं तो वडोदऱ्याला चाललाय. त्या आठवड्यात नागपुरात कोणी साधनशुचितेवर बोललं असतं तर मार खाल्ला असता.

नावाला मिळते ती मर्जी. तिचं कूळही जुनं. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये जॉबर होते. जमशेटजी टाटांची ती गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. १८९६ साली ब्रिटिश सरकारने आयात कापडावर साडेतीन टक्के शुल्क ठेवलं आणि त्याच दमात इथल्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी बसवली, म्हणजे लँकेशायरच्या मालाला तोशीस नको. नाव दिलं मुक्त व्यापार. ती अबकारी जायला १९२५-२६ उजाडलं. त्यावेळीही साध्य उदात्तच सांगितलं होतं.

नागपूरला या विषयावर बोलायचा हक्क आहे असं मी मानतो, कारण साधनाचा प्रश्न देशाच्या राजकारणात इथे ठळकपणे मांडला गेला. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं. काँग्रेसनगर हे नाव त्याचीच आठवण. त्या अधिवेशनात काँग्रेसचं ध्येय बदललं: स्वराज्य मिळवायचं, आणि ते न्याय्य आणि शांततामय मार्गांनी. कुठे जायचंय एवढंच लिहून भागलं असतं. कोणत्या वाटेने जायचं हेही घटनेत लिहिलं गेलं. जिनांनी तिथे विरोध केला. स्वागताध्यक्ष होते वर्ध्याचे व्यापारी जमनालाल बजाज. उद्योगपती आणि राजकारणी यांची जवळीक म्हणजे आपोआप पाप, असं समजणाऱ्यांनी बजाजांकडे पाहावं.

दुसरी तारीख १४ ऑक्टोबर १९५६, दीक्षाभूमी. त्यानंतर पाच आठवड्यांनी बाबासाहेब काठमांडूला गेले आणि बुद्ध व मार्क्स यांच्यावर बोलले. दारिद्र्य आणि शोषण संपवणं हे दोघांचंही साध्य. फरक साधनाचा, हा त्यांच्या मांडणीचा कणा. साध्य सारखं असलं तरी साधन बदललं की वेगळंच काहीतरी हाती येतं आणि वेगळं काहीतरी टिकतं. साधनाचा विचार त्यांनी सोवळेपणाने नाही, व्यवहाराने केला होता.

आणि व्यवहाराने पाहिलं तर दुसरी बाजूही सांगायला हवी. नियमाच्या आड लपणारे बाबू मी पस्तीस वर्षं पाहिलेत. सर्वांत कमी दर म्हणून असा कागद घ्यायचे की पावसाळ्यात शाई पलीकडून दिसायची. सही टाळायला फाइल फिरवत ठेवायचे. नियम पाळला आणि काम मेलं, असंही होतं. म्हणून नियमांतच सोय असते: तातडी असेल तर स्पर्धेशिवाय खरेदी करा, पण कारण लिहा आणि खाली सही करा. १९९४ च्या त्या भल्या साहेबांनी एवढंच लिहायचं होतं, की वेळ नव्हता, ओळखीच्या छापखान्याकडून घेतलं. चार ओळी. कोणी विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि कदाचित काकांना एक फोन गेला असता. घाई माफ करण्यासारखी होती. तीन कागदांचं नाटक तसं नव्हतं, कारण ते प्रश्नच उगवू नये म्हणून केलं होतं. मोठ्या व्यवहारांतही मी आता हेच शोधतो. झुकतं माप दिलं का, हे नंतर पाहतो. दिलं असेल तर उघड कारण लिहून दिलं, की स्पर्धेचा मुखवटा चढवून?

मर्जीची उलटी बाजूही आमच्या विमानतळाने पाहिली. तो चालवायची बोली जीएमआरने जिंकली, सरकारला द्यायचा महसुलातला वाटा वाटाघाटीत ५.७६ टक्क्यांवरून १४.४९ टक्क्यांपर्यंत वाढवला, मार्च २०१९ मध्ये पत्र मिळालं आणि मार्च २०२० मध्ये सगळी प्रक्रियाच रद्द झाली. नागपूर खंडपीठाने २०२१ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ ला कंपनीच्या बाजूने निकाल दिला. शेवटची याचिका निकालात निघाली २७ सप्टेंबर २०२४ ला. मर्जीने देता येतं तसं मर्जीने काढूनही घेता येतं, हे मर्जीतल्या माणसांनीही ध्यानात ठेवलेलं बरं. त्या पाच वर्षांत विमानतळ मात्र होता तसाच राहिला.

काकांचा छापखाना १९९८ साली बंद झाला. एका कामामुळे नाही. डीटीपी आलं, मुलं बँकेत लागली, डोळे गेले. त्यांचं कटिंग मशीन मीच विकत घेतलं, त्यांनी सांगितलेल्या भावाला. वह्यांची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही.

मध्यंतरी घर आवरताना जुन्या हिशेबाच्या वह्या निघाल्या. १९९४ च्या वहीत जूनच्या पानावर त्या दोन लेटरहेडांचा खर्च आहे, ब्लॉक आणि कागद मिळून साठ रुपये. सदर लिहिलंय, 'किरकोळ'.